रानडे आणि मराठीचा पेपर

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती पाच गुणांच्या टीपेतून. शाळेत इतिहासाच्या सरांनी फळ्यावर सहा मुद्दे लिहून दिले होते : जन्म निफाड, प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, अर्थशास्त्रीय विचार, मृत्यू १९०१. आरंभी एक विशेषण, शेवटी एक विशेषण आणि मध्ये हे सहा मुद्दे, अशी ती टीप मी पाठ केली, परीक्षेत उतरवली आणि पाचपैकी साडेचार गुण मिळवले. अर्धा गुण का गेला याची रुखरुख मला बरेच दिवस होती. रानडे कोण होते, याची मात्र मुळीच नव्हती.

मी लासलगावकडचा. महाविद्यालयात येताना माझी एस. टी. रोज निफाडच्या स्थानकात थांबते. तीन वर्षे मी त्या स्थानकात खिडकीतून शेंगदाणे घेतले, पण १८ जानेवारी १८४२ रोजी या गावात जन्मलेला एक माणूस माझ्या आजच्या शिक्षणाशी इतका जवळून गुंतलेला असेल, असे एकदाही मनात आले नाही. यंदा तृतीय वर्षाला मराठी हा विशेष विषय घेतला आणि एका चर्चासत्राच्या निमित्ताने ग्रंथालयातून रमाबाई रानडे यांच्या आठवणी आणि रानड्यांची दोन-तीन चरित्रे घेऊन बसलो. तेथे मला सातवा मुद्दा सापडला. तो आमच्या फळ्यावर नव्हता, कारण तो कधी परीक्षेत विचारलाच जात नाही. गंमत अशी की, तो मुद्दा परीक्षेचाच आहे.

रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. वडील गोविंदराव तेथील दरबारच्या नोकरीत होते. मुलगा अबोल, काहीसा मंद वाटणारा. घरच्यांना त्याची काळजी वाटे, असे चरित्रकार सांगतात. आधी मराठी शाळा, मग इंग्रजी शाळा आणि चौदा-पंधराव्या वर्षी मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट. ते मुंबईत स्थिरावतात न स्थिरावतात तोच १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले.

येथे जरा थांबले पाहिजे. विद्यापीठ म्हटले की आपल्यापुढे वर्ग, प्राध्यापक, ग्रंथालय असे चित्र उभे राहते. त्या वेळचे मुंबई विद्यापीठ तसे नव्हते. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेली ती केवळ परीक्षा घेणारी संस्था होती. ती कोणाला काही शिकवीत नसे. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम. विद्यापीठ फक्त प्रश्न काढी, उत्तरे तपाशी आणि पदव्या देई. मात्र या फक्त शब्दावर जाऊ नये. जो शिकवतो त्याच्यापेक्षा जो विचारतो तो अधिक बलवान ठरतो, हे पुढच्या काही वर्षांत दिसून आले. विद्यापीठाने जे विचारले ते महाविद्यालयांनी शिकवले. महाविद्यालयांना जे हवे ते हायस्कुलांनी घोटून घेतले.

१८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या थोड्या मुलांत रानडे होते. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८६४ ला रानडे एम. ए. झाले, १८६६ ला एल्‌एल. बी. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा नावाच्या यंत्रात शिरलेले हे अगदी पहिले धान्य. त्या यंत्राने काय दळले आणि काय सांडले, हे त्यांच्याइतके आतून पाहिलेला दुसरा माणूस मिळणे कठीण.

त्यांनी त्याची किंमतही मोजली. एम. ए. च्या सुमारास अखंड वाचनाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही महिने वाचन बंद ठेवावे लागले. डोळ्यांचे ते दुखणे जन्मभर सोबत राहिले. पुढे रमाबाई त्यांना वाचून दाखवीत, ती केवळ पतिसेवा नव्हती, गरज होती. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. एका निबंधात या तरुणाने मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांना झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबली. ग्रँटसाहेब विद्वान होते, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नावाजलेले संपादक होते आणि रानड्यांच्या बुद्धीचे चाहतेही होते. तरी हे घडले. परीक्षेत काय लिहावे याबरोबरच काय लिहू नये हेही विद्यार्थी शिकतो, ते असे. रानडे मात्र तो धडा शिकले नाहीत. १९०० साली त्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ बाहेर काढला, तेव्हा मूळ मत तसेच होते, फक्त पुरावा वाढला होता.

आता मराठीकडे येऊ. आरंभीच्या नियमांत देशी भाषांना परीक्षेत जागा होती. १८६० नंतरच्या काही वर्षांतच वारे फिरले. उच्च परीक्षांसाठी दुसरी भाषा अभिजात असावी, म्हणजे संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी यांसारखी असावी, असे ठरले. मराठीत अभ्यासाला योग्य असे वाङ्मय नाही, जे आहे ते भक्तिपर आहे, गद्य तर बाल्यावस्थेत आहे, अशी कारणे दिली जात. मराठी पदवीच्या परीक्षेतून गेली. ती मॅट्रिकच्या दारापर्यंत होती. पण ज्याला पुढे महाविद्यालयात जायचे, त्याने हायस्कुलातच संस्कृत न घेऊन कसे चालेल? म्हणून हुशार मुले तिकडे वळली. वरच्या मजल्यावरची एक खोली बंद झाली आणि तळमजल्यावरची वर्दळही आपोआप ओसरली. मराठी शिकवू नका असा हुकूम कोणी काढला नव्हता. फक्त तिचा पेपर नव्हता.

रानड्यांना हे बोचण्याचे एक खास कारण होते. १८६६ साली ते सरकारच्या शिक्षणखात्यात भाषांतरकाराच्या जागेवर लागले. नव्याने छापली जाणारी मराठी पुस्तके वाचायची आणि त्यांवर अभिप्राय लिहायचा, हे त्यांचे काम. पुढे अक्कलकोट, कोल्हापूर, मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन आणि १८७१ अखेर पुण्याला न्यायखात्यात, असा प्रवास झाला. पण मराठी पुस्तकांच्या त्या ढिगाऱ्यातून मिळालेले ज्ञान त्यांनी टाकले नाही. मराठीत काही नाही असे सिनेटच्या सभेत कोणी म्हणाले, तर काय आहे ते यादीनिशी सांगू शकणारे ते एकटे-दुकटेच असावेत. १८६५ पासून ते विद्यापीठाचे फेलो होते. म्हणजे ज्या घरातून मराठी बाहेर काढली गेली त्या घरात त्यांची बैठक होती.

तरी हे काम सोपे नव्हते, आणि त्यांच्या बाजूने बोलताना एक अडचणीची गोष्ट लपवू नये. मराठी परीक्षेबाहेर असण्याच्या या काळातच मराठी गद्य बहरले! १८७४ ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली, १८८१ ला केसरी निघाला. हरिभाऊ आपटे पदवी न मिळवताच कादंबरीकार झाले. केशवसुत मॅट्रिकशी झगडत राहिले आणि ती परीक्षा अखेर १८८९ साली उत्तीर्ण झाले. यांपैकी कोणाचीही लेखणी मराठीच्या प्रश्नपत्रिकेने घडवली नव्हती. मग परीक्षेवाचून भाषेचे काय अडले होते? चर्चासत्रात माझ्या एका मित्राने हाच प्रश्न विचारून मला गप्प केले. मी घरी जाऊन दोन दिवस विचार केला.

माझे उत्तर असे. प्रतिभावंतांचे अडले नाही, ते कधीच अडत नाही. अडले ते इतरांचे. कोर्टात निवाडे करणारा, शाळेत शिकवणारा, दवाखान्यात औषध देणारा जो हजारोंनी निघणारा पदवीधर, त्याला आपल्या भाषेत दोन पाने नीट लिहिता येईनात, आणि त्याला त्याची लाजही वाटेना. जे परीक्षेत नाही ते विद्वत्तेचे नाही, अशी त्याची समजूत होऊन बसली. हा भाग रानड्यांना दिसत होता, कारण त्यांना आपल्या समाजाची काळजी एकट्यादुकट्या प्रतिभावंतापुरती नव्हती. ते संस्थांचे माणूस होते. आणि विलक्षण गोष्ट म्हणजे, या रोगाची लक्षणे त्यांच्या स्वतःच्या लेखणीतही होती. विद्यार्थिदशेत ज्ञानप्रसारक सभेत मराठी निबंध वाचणारा हा मनुष्य, प्रार्थना समाजात मराठीत तन्मयतेने बोलणारा, तुकारामाचे अभंग आळवणारा. पण अर्थशास्त्र आणि इतिहास यांवरचे त्यांचे मोठे लेखन इंग्रजीत आहे. ज्या भाषेत परीक्षा दिली त्या भाषेतच विचार कागदावर उतरू लागला. मराठ्यांच्या उत्कर्षाचा इतिहास मराठी वाचकाला भाषांतरातून वाचावा लागावा, यात मला खेद वाटतो, पण त्यांचा दोष वाटत नाही.

त्यांनी बाहेरूनही उपाय केले. १८७८ च्या मे महिन्यात लोकहितवादींच्या साहाय्याने पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरवले, ते आजच्या साहित्य संमेलनांचे मूळ. व्याख्यानमाला चालवल्या, भाषांतराच्या संस्थेला नवा जीव दिला. पण सिनेटमधला आग्रह सोडला नाही.

परीक्षेने माणसाचे काय होते, याचा त्यांनी आणखी एका अंगाने विचार केला होता. १८९० नंतरच्या दशकात पदवीधर तरुण अकाली का मरतात, या प्रश्नात त्यांनी आकडे गोळा करून लक्ष घातले आणि परीक्षांच्या ओझ्याकडेही बोट दाखवले. हा विषय त्यांच्यापुढे का आला असेल, हे कळायला फार शोध नको. चिपळूणकर बत्तिसाव्या वर्षी गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी गेले आणि त्यांच्याच रिकाम्या झालेल्या जागी रानडे उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १८९५ ला आगरकर गेले, तेही चाळिशीच्या आत. स्वतःचे अधू डोळे घेऊन हा मनुष्य परीक्षांच्या ओझ्याबद्दल बोलत होता आणि त्याच वेळी त्या परीक्षांत आणखी एक विषय घाला म्हणून भांडत होता. वरवर पाहता हा विरोध वाटतो. मला तसा वाटत नाही. परक्या भाषेचे ओझे वाहणाऱ्याला आपली भाषा हे आणखी ओझे होत नसून विसावा होईल, असा त्यांचा हिशेब असावा. हा माझा तर्क आहे. चुकत असेन तर आमचे प्राध्यापक दुरुस्त करतीलच.

कारण परीक्षेवाचून शिकणे कसे असते, तेही त्यांनी आपल्या घरात पाहिले होते. १८७३ च्या डिसेंबरात त्यांचे दुसरे लग्न झाले. रानडे बत्तिशीला आलेले, वधू अकरा वर्षांची. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवावी, हा त्यांच्या चरित्रावरचा डाग तेव्हाही लोकांनी दाखवला आणि आजही दाखवतात; तो पुसण्याचा मी प्रयत्न करणार नाही. मला सांगायचे आहे ते पुढचे. त्या मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. पुढे मराठी वाचन, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत, अबोला धरीत. दिवसा बोलणी खावी, रात्री धडा गिरवावा. प्रश्नपत्रिका नाही, गुण नाहीत, पदवीही नाही. आणि या बाईंनी १९१० साली आपल्या आयुष्यातल्या आठवणींचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते आज आमच्यासारखे विद्यार्थी मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणून वाचतात.

त्याच पुस्तकातला कलकत्त्याचा प्रसंग मला फार आवडला. १८८६ साली सरकारी खर्चाचा विचार करणाऱ्या समितीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि पतिपत्नी कलकत्त्यास राहिली. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. भाषा येत नाही तर पत्र घेऊन काय करायचे, असा प्रश्न निघाला. तेव्हा येत नसेल तर शिकले पाहिजे, अशा विचाराने रानड्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि अक्षरे गिरवायला आरंभ केला. एके दिवशी रमाबाई पाहतात तो, न्हावी हजामत करतो आहे आणि साहेब पुस्तक पुढे धरून अडलेल्या शब्दांचा उच्चार आणि अर्थ त्यालाच विचारताहेत. बाईंना हसू आवरेना. त्यांनी थट्टा केली, तेव्हा दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते याची रानड्यांनी आठवण करून दिली. पहिल्या बी. ए. च्या वर्गातला हा मनुष्य, मोठा न्यायाधीश, गालाला साबण लावून न्हाव्याकडून बंगाली शिकतो आहे! मग ते रमाबाईंनाही शिकवले. यासाठी कोणी त्यांची परीक्षा घेतली नाही.

मग अशा माणसाने परीक्षेसाठी इतका अट्टहास का धरावा? मला वाटते, स्वतःसारखे सगळे नसतात हे त्यांना ठाऊक होते. न्हाव्याकडून भाषा शिकणारा हजारांत एक. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव पेपर पाहून शिकतात.

१८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचे एक टिपण लिहिले. इंग्रजी अमदानीच्या आरंभापासूनच्या छापील मराठी पुस्तकांचा तो हिशेब होता : काव्य किती, नाटके किती, इतिहास, चरित्र, विज्ञान किती, कुठे भरती आणि कुठे तूट. तीस वर्षांपूर्वी भाषांतरकार म्हणून चाळलेला ढिगारा येथे कामी आला. भक्तिपर म्हणून ज्या संतवाङ्मयाला बाजूला सारले जाई, तेच या भाषेचे सर्वांत मोठे धन आहे असे त्यांनी मांडले. टिपण रुक्ष आहे, हे कबूल केले पाहिजे. पण ते वाचताना मला कोर्टात एकेक दस्तऐवज पुढे ठेवणारा वकील दिसत होता. मराठीत काही नाही या आरोपाला दिलेले ते उत्तर होते.

शेवटची दोन वर्षे प्रकृती ढासळत होती. सिनेटमधली खटपट मात्र चालू होती आणि अखेर त्यांच्या आयुष्याच्या टोकाला, मराठीला एम. ए. च्या परीक्षेत इंग्रजीच्या जोडीने प्रवेश मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तळापासून नव्हे, तर शिखरावरून. खालच्या परीक्षांची दारे नंतर हळूहळू उघडली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

इथे लेख संपवता आला असता, पण मग मी पुन्हा टीपच लिहिल्यासारखे होईल. रानडे ज्यासाठी भांडले तो मराठीचा पेपर आज मला मिळाला आहे. पेपरवाचून विषयाचे काय होते, हे मी माझ्या अकरावीत पाहिले. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येत होते, त्यात गुण अधिक पडतात असे ऐकून माझ्या तुकडीतली निम्मी मुले तिकडे गेली आणि दुसऱ्या महिन्यात मराठीच्या तासाला बाके रिकामी दिसू लागली. २०२० साली कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२३ साली इतर मंडळांच्या शाळांना काही काळ मराठीचे गुण एकूण निकालात न धरता नुसती श्रेणी देण्याची सवलत मिळाली. रानडे असते तर त्यांनी ही बातमी दोनदा वाचली असती. पण पेपर असला म्हणजे काय होते, तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात माझा हात आहे.

मी संध्याकाळी दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो. माझी फी त्यातून निघते. पालकांना गुण हवे असतात, आणि मला पालक हवे असतात. मी बारा निबंध तयार केले आहेत. ते मुलांना लिहून देतो, पाठ करून घेतो. पावसाळ्यावरच्या निबंधात सृष्टीने हिरवा शालू नेसलाच पाहिजे, असा माझा दंडक आहे. दिवाळीपूर्वी मी बाजारातील एक तास हा निबंध सरावासाठी दिला. सगळ्यांनी माझाच निबंध उतरवला. एका मुलीने उतरवला नाही. तिने बापाबरोबर ट्रॅक्टरवर कांदा घेऊन लिलावाला गेल्याचे लिहिले. व्यापारी मूठभर कांदे उचलून कसे पाहतो, भाव पुकारताना बापाचे डोळे कुठे असतात, गोल्टीला वेगळा आणि कमी भाव का, परतताना तो काही न बोलता चहा कसा पाजतो. दीड पान होते. मी त्यातल्या गोल्टी या शब्दाखाली लाल रेघ ओढली, बाजूला ग्रामीण शब्द टाळावेत असा शेरा लिहिला आणि आठपैकी चार गुण दिले. परीक्षक नागपूरचा असेल, मुंबईचा असेल, त्याला हे समजणार नाही, असे तिला सांगितले. तिने मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिने माझा निबंध एकही चूक न करता लिहून दाखवला, आणि मी आठपैकी सात गुण दिले.

रमाबाईंचे पुस्तक मी त्यानंतर महिन्याभराने वाचले. कलकत्त्याच्या न्हाव्याचा प्रसंग आला तेव्हा मी हसलो, आणि मग मला ती लाल रेघ आठवली.

तिची ती वही अजून माझ्याकडे आहे. रेघ पेनाची आहे, खोडता येत नाही. मी शेऱ्यावर कागद चिकटवून पाहिला, तर तो अधिकच उठून दिसू लागला. सोमवारी तिची पूर्वपरीक्षा आहे. काल शिकवणी सुटल्यावर ती दाराशी थांबली आणि बाजाराचा निबंध आला तर कोणता लिहू, असे तिने विचारले. मी तिला उद्या सांगतो म्हणालो. ती गेल्यावर मी वही उघडून ते दीड पान पुन्हा वाचले, आणि गोल्टी हा शब्द कोणत्या कोशात मिळतो का, ते पाहायला ग्रंथालयात निघालो.